सह्या आधी, यादी नंतर

आमच्या मिलमध्ये वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत आणि त्या आठांची यादी मी टाइप करतो. बावीस वर्षं झाली. गुजरातेतल्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतली ही मिल कोऱ्या कापडाला रंग देते, छपाई करते. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला जी खिडकी लागते, तिच्यामागे मी बसतो. कोण आला, कोण नाही आला, कोणाच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही, हे सगळं माझ्याकडे. लोक मला नाना म्हणतात. तोंडावर नाना; माघारी काय म्हणतात त्याची मी कधी चौकशी केली नाही. पगार कापणाऱ्या माणसानं असल्या चौकशा करू नयेत.

सुट्टीचा पगार ही लोकांना वाटते तितकी सरळ गोष्ट नाही. सुट्टी म्हटली की माणसाला वाटतं, मिल बंद, आपण घरी, पगार चालू. पण आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी न सांगता दांडी मारली की मधल्या सुट्टीचा पगारही जातो. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पैसे, नाहीतर बदली सुट्टी. यातलं काय द्यायचं ते मॅनेजर ठरवतो आणि शिव्या मी खातो. ठेकेदाराच्या माणसांना तर यातलं काहीच लागू नाही. ती बिचारी पंधरा ऑगस्टला झेंड्याला सलाम ठोकतात, पेढा खातात आणि दिवसाचा पगार सोडून घरी जातात. माझ्या रजिस्टरात हजर माणसापुढे 'पी' पडतो, गैरहजरापुढे 'ए', आणि पगारी सुट्टीला 'पीएच'. बावीस वर्षांत मी ही अक्षरं इतक्या वेळा लिहिली की त्यांच्यामागे माणसं असतात हे विसरायला मला फारसे कष्ट पडले नाहीत.

आठांपैकी सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर या तीन कोणालाच हलवता येत नाहीत. मग उत्तरायण म्हणजे संक्रांत, धुळेटी म्हणजे धुळवड, दिवाळी आणि बेसतुं वरस, म्हणजे गुजराती नवं वर्ष. उरली आठवी. फोल्डिंग खात्यात तयार कापडाच्या घड्या घालून ताके बांधतात. तिथं निम्म्याहून जास्त माणसं खानदेशातली. म्हणून मॅनेजरसाहेब दर डिसेंबरात मला म्हणायचे, "आठमी रजा मराठीवाळानी. तमारे जे लखवुं होय ते लखी नाखो." तुम्हाला जे लिहायचं ते लिहून टाका. आणि मी दरवर्षी लिहायचो, अखात्रीज, अक्षय्य तृतीया. म्हणजे आपली आखाजी. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आम्हा खानदेशी लोकांना दिवाळी एक वेळ चुकली तरी चालते, आखाजी चुकून चालत नाही.

'आपली' म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो माझ्या मित्रानं विचारला तेव्हा पडला.

तो फोल्डिंगमध्ये कापड मोजायच्या मशीनवर आहे. जळगावकडचा, बौद्ध घरातला, वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. नवागाममध्ये त्याचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. एकोणीस वर्षं आम्ही एकाच मोटरसायकलवर कामाला जातो. गाडी माझी, आणि पेट्रोल एक महिना माझं, एक महिना त्याचं. या पेट्रोलवरून आमचं आजवर एकदाही वाजलेलं नाही. कोणाचा महिना आहे ते त्याला बरोबर लक्षात राहतं, आणि खोटं कशाला सांगू, मी कधीकधी मुद्दाम विसरतो.

दरवर्षी चौदा एप्रिलला तो आणि खात्यातले आणखी अकरा जण रजा टाकायचे. बिनपगारी. त्या एका दिवसापायी महिन्याचा पूर्ण हजेरीचा बोनसही जायचा. बाराही जणांपुढे मी 'ए' लिहायचो. कोणी कुरकुर करत नव्हतं. मला वाटायचं, यांना सवय झाली आहे. दुसऱ्याच्या नुकसानीची सवय आपल्याला किती लवकर होते!

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावर, भेस्तानच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"नाना, आठवी सुट्टी एक साल आखाजीनी करा, एक साल चौदा एप्रिलनी. आपला पेट्रोलसारखं."

बोलणं इतकं साधं होतं की नाही म्हणायला जागाच नव्हती. मी म्हणालो, "ठीक शे ना. त्यामा काय? यादी तं मीच लिखस." सिग्नल सुटला. मी सहज बोललो होतो, पण त्यानं ते शब्द वचनासारखे उचलले.

पुढच्या महिनाभरात त्यानं एकेकाला गाठून पटवलं. आमच्या समाजातले काही जण तोंड वाकडं करत होते. आखाजी कशी सोडायची, लेकी येतात, जावई येतात. तो त्यांना शांतपणे सांगायचा की पुढच्या साली तुमचीच आहे, कुठं पळून जाते. शेवटी सगळे तयार झाले. हे काम मला साधलं नसतं. माझ्या खिडकीत येणारा माणूस आधीच चिडलेला असतो.

इथं आमच्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी. सुट्ट्यांच्या यादीवर कामगारांच्या सह्या लागतात. त्यांच्याशी बोलून यादी ठरवली असं दिसायला हवं ना! पण मॅनेजर डिसेंबरच्या अखेरपर्यंत तारखा नक्की करत नाहीत, आणि सगळी माणसं खिडकीवर एकदम सापडतात ती फक्त पगाराच्या दिवशी. म्हणून मी सह्या आधी घेतो. कागदाचा वरचा अर्धा भाग कोरा ठेवायचा, खाली ओळी मारायच्या, सह्या झाल्या की वर यादी टाइप करायची. बावीस वर्षं हेच चाललंय. त्यात काही गैर आहे असं कोणाला वाटलं नाही, मलाही नाही.

त्या डिसेंबरात तो कागद त्यानं स्वतः माझ्याकडून मागून नेला. पहिली सही त्याची. मग पेन घेऊन तो खातंभर फिरला. एक नवीन माणूस म्हणाला, याच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही. त्यावर तो म्हणाला, "नानांनी सांगेल शे. कर सही." हे मला त्या नवीन माणसानंच नंतर सांगितलं. मला शरमिंदं करायचं त्याच्या मनातही नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारी भाजी घेऊन येताना त्याच्या गल्लीतून गेलो. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याचे वडील बसले होते. त्यांनी मला हातानं बोलावलं आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. म्हातारबुवा कतारगामला लूमवर काम करायचे. तिथं मीटरवर पैसे. साचा, म्हणजे माग, चालला तर पगार, बंद पडला तर नाही. सुट्टी हा शब्दच नाही.

"आम्हले पंधरा ऑगस्ट बी नव्हता," ते म्हणाले. "चौदा एप्रिलले मी दरसाल घरी ऱ्हायनू. एक साल दुसरा दिवस गऊ तं मना साच्यावर दुसराच माणूस उभा."

साचा परत मिळवायला त्यांना चार महिने लागले होते. त्या चार महिन्यांत काय खाल्लं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग ते माझ्याकडं बघून हसले.

"आयकं मी. तुम्ही करी दिधं म्हने. यंदा बोर्डवर लागी. मना पोऱ्या पांढरा शर्ट घाली, मिलना पैसावर, मना जोडे बशी. आते मागनं नही, अर्ज नही." त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही बी या त्या दिवशी. खीर खायले."

मिलला सुट्टी म्हणजे मलाही सुट्टी. मी म्हणालो, येतो. चहा फार गोड होता. माझी साखर वाढलेली असते तरी सगळा प्यायलो.

आणि मग मी ते केलं.

त्याच वर्षी माझ्या लेकीचं लग्न झालं होतं. सासर नंदुरबारला. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी. जावई पहिल्यांदा राहायला येणार. बायको आठवडाभर रोज ऐकवत होती, की त्या दिवशी तुम्ही घरी नसलात तर मी व्याह्यांना काय तोंड दाखवू. कॅलेंडर पाहिलं, तर येत्या वर्षाची आखाजी पगार काढायच्या ऐन दिवसांत येत होती. त्या दिवसांत मॅनेजर मला रजा देत नाहीत. सासू वारली तेव्हासुद्धा अर्धाच दिवस सोडलं होतं. सुट्टी यादीत असती तर मिलच बंद राहणार होती, मग कोणापुढे हात पसरायची गरज नव्हती.

संगणकासमोर बसलो. सात सुट्ट्या टाइप केल्या. आठव्या ओळीवर थांबलो, फार वेळ नाही. मनात म्हणालो, ते बारा जण एवीतेवी रजा घेतातच. त्यांना सवय आहे. पुढच्या वर्षी त्यांची करू. असं म्हणत अखात्रीज लिहिलं. सह्यांच्या कागदावर छापलं, साहेबांची सही आणली, बोर्डावर काचेआड लावलं आणि बाहेर जाऊन चहा प्यायलो. भजीही खाल्ली.

दुपारच्या सुट्टीत तो बोर्डासमोर उभा असलेला मला खिडकीतून दिसला. वर अखात्रीज, खाली पहिलीच सही त्याची. मागं आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले. एकानं त्याला काहीतरी विचारलं, त्यानं नुसती मान हलवली. मग तो खिडकीशी आला.

"नाना, यादीमा काय चूक व्हयनी का?"

खरं बोलायला एवढी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. चूक झाली, आत्ता बदलतो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कागद काढून दुसरा लावायला दहा मिनिटं लागली असती.

"साहेबांनी ऐन वेळले बदलं," मी म्हणालो. "मी काय करू?"

त्यानं खिडकीच्या जाळीवरचा हात काढला. "बरं," म्हणाला. "बाबांले सांगनं पडी आते."

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे एकाच गाडीवर परत निघालो. वाटेत त्यानं पंपावर गाडी थांबवायला सांगितली. त्याचा महिना होता. त्यानं पेट्रोल भरलं. मी गाडी धरून उभा राहिलो आणि नळीकडं बघत बसलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

चौदा एप्रिलला सकाळी मी एकटाच गाडीवर गेलो. फोल्डिंगमध्ये बारा जागा रिकाम्या होत्या. बारा नावांपुढे मी 'ए' लिहिला. माझ्या शेजारी बसणारा गुजराती क्लार्क म्हणाला, नाना, आज तुमचं पेन फार दाबून चालतं आहे. संध्याकाळी नवागामच्या नाक्यावर निळे झेंडे, ढोल, पांढरे कपडे घातलेली लहानमोठी माणसं. मी मागच्या रस्त्यानं घरी गेलो. खिरीचं बोलावणं होतं, पण गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीवर बसताना त्याच्या हातात स्टीलचा डबा होता.

"बाबांनी दिधं. बोलनात, नानांले सुट्टी नव्हती, म्हनून येता उनं नही."

म्हातारबुवांनी माझ्यासाठी सबब शोधून ठेवली होती. ती खीर मी ऑफिसात, टेबलाच्या खणाआड खाल्ली. टाकून देता आली नाही.

आखाजीला लेक आली. जावई आला. गल्लीतल्या कडुलिंबाला झोका बांधला, बायका गाणी म्हणत होत्या, लेक लहानपणीसारखी उंच गेली आणि माझ्याकडं बघून ओरडली. मला आनंद झाला. खरा, पोटभर आनंद. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. वाटलं होतं की चोरलेला दिवस तोंडात कडू लागेल, पण आमरस नेहमीसारखाच गोड लागला. दुपारी कोथिंबीर आणायला डिंडोलीच्या बाजारात गेलो तर तो भेटला. त्यालाही त्या दिवशी पगारी सुट्टी होतीच. सगळ्यांना होती.

"नाना, तुमनी आखाजीमुळे आज आम्हले बी बसीन पगार," तो हसून म्हणाला.

चिडवत होता की टोचत होता, मला कळलं नाही. मी हसलो. खिरीचा डबा बायकोनं त्या दिवशी सांजोऱ्या भरून परत पाठवला. रिकामा डबा परत करायचा नसतो हे तिला माहीत होतं, बाकी काही नव्हतं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात बावीस वर्षांत पहिल्यांदा मी यादी आधी टाइप केली. मॅनेजरांच्या मागं लागून तारखा आधी नक्की करून घेतल्या. ते वैतागले, "एटली शुं उतावळ छे?" एवढी कसली घाई! चौदा एप्रिल मी ठळक अक्षरांत लिहिलं. पगाराच्या दिवशी तो खिडकीवर आला तेव्हा कागद त्याच्यापुढे सरकवला. वाटलं, बघेल, खूश होईल, काहीतरी बोलेल. त्यानं खिशातून चष्मा काढला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ वाचत खाली आला. सव्वीस जानेवारीसुद्धा वाचली. मागं रांग खोळंबली होती, कोणीतरी ओरडलं. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि मग सही केली.

तेव्हाच मला समजलं की त्याला माहीत आहे.

संध्याकाळी गाडी काढताना मी विचारलं. त्यानं सरळ सांगितलं.

"पंधरा ऑगस्टले झेंडा व्हयना, तव्हय साहेबांले मीच विचारं. ते बोलनात, आठवी रजा नाना लिखतस. मी तं नुसती सही करस."

म्हणजे चार महिने तो सगळं कळून रोज माझ्या मागं बसत होता. माझ्या पाठीशी टेकून. पावसात माझीच छत्री दोघांवर धरून.

"मग तू माले बोलना का बरं नही?"

"काय बोलू नाना? रोज तुमनी गाडीवर बसस."

"मनं चुकनं," मी म्हणालो. "लेकनी पहिली आखाजी व्हती. माले सुट्टी मिळती नव्हती. मी तुले खोटं सांगं."

त्यानं माफ केलं असं म्हटलं नाही. नाही केलं असंही नाही. "हां," एवढंच म्हणाला आणि मागं बसला. मला वाटलं, चला, सुटलो. बोललो, कबूल केलं, यंदा दिवसही दिला. मी इतका निर्लज्ज आहे की घरी पोचेपर्यंत मला बरं वाटायला लागलं होतं.

यंदाच्या तेरा एप्रिलला, पाळी सुटायच्या वेळी तो खिडकीवर आला. हातात घडी केलेला कागद. मी उलगडला. रजेचा अर्ज होता. चौदा एप्रिल, एक दिवस, बिनपगारी. त्याच्या अक्षरात, खाली त्याची सही.

"अरे, उद्या सुट्टी शे. पगारी. बोर्डवर लागेल शे, तूच वाचेल शे. अर्ज कसाले?"

"माले माहीत शे." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. त्याला अवघड वाटत होतं, माझ्यासाठी. "बाबांनी लिखाले लावं. मी दोन येळा सांगं, फोटो बी दखाडा बोर्डना. ते बोलनात, बोर्डले काय व्हस, तू अर्ज दी ठेव. पोच बी मागी लय."

त्या म्हाताऱ्याला पांढऱ्या शर्टातला मुलगा शेजारी बसलेला हवा होता, मागून नाही, अर्ज करून नाही. आता तो दिवस खरोखर बोर्डावर आला होता आणि त्यांनीच मुलाला अर्ज लिहायला बसवलं होतं. साचा हातचा गेला तेव्हाची भीती त्यांच्या मनातून गेली नव्हती. ती घालवायची एक संधी मला मिळाली होती. मी उलट ती खरी ठरवली.

पगारी सुट्टीवर रजेचा अर्ज घेता येत नाही. संगणक तो दिवस उघडतच नाही. पण त्याला पोच हवी होती. घरी गेल्यावर म्हातारबुवा ती मागणार, चष्मा लावून शिक्का बघणार आणि मगच जेवायला बसणार.

मी शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला. मग अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि त्यानंतर खाली शिक्का मारून सही केली.